गोळीमागचे गणित

कला शाखेच्या विद्यार्थिनीने औषधांच्या धंद्याविषयी, आणि तेही शेअरबाजाराच्या अंगाने, लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला, आणि शेअरबाजाराशी तो अद्याप आलेलाच नाही. तरीही हा विषय मी निवडला, याला कारण आमच्या मामांच्या घरातली एक लहानशी पांढरी बाटली आहे.

माझ्या थोरल्या मामांना १९८६ साली एका अपघातानंतर रक्त द्यावे लागले होते. त्या काळी 'हेपटायटिस सी' या विषाणूचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला १९८९ साली. त्यामुळे रक्तात तो आहे की नाही हे तपासण्याची सोयच नव्हती. पुढे तीस वर्षांनी मामांचे यकृत हळूहळू निकामी होत चालल्याचे लक्षात आले. २०१६ साली, मी सहावीत असताना, त्यांना अठ्ठावीस गोळ्यांच्या तीन बाटल्या आणल्या गेल्या. दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने रोज एक गोळी, असे बारा आठवडे. त्यानंतरच्या तपासण्यांत रक्तात विषाणू सापडला नाही. आजीने देवापुढे साखर ठेवली. त्या तीन बाटल्यांपैकी एक अजून स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. मामी तिच्यात वेलदोडे ठेवते.

त्या गोळीचे नाव सोफोसबुविर. भारतात मार्च २०१५ मध्ये नॅटको कंपनीने अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपये या छापील किमतीला बाजारात आणली, म्हणजे एका गोळीला सुमारे सातशे रुपये. अमेरिकेत हीच गोळी डिसेंबर २०१३ मध्ये विक्रीला आली, तेव्हा तिची किंमत होती एक हजार डॉलर. बारा आठवड्यांच्या उपचाराला ८४,००० डॉलर! औषध तेच, रोग तोच, गुणही तोच. मग हा फरक कोठून आला? या प्रश्नाचा माग काढीत गेले तेव्हा वाट औषधशाळेत न जाता एका निराळ्याच कचेरीत जाऊन पोहोचली. त्या कचेरीला 'इन्व्हेस्टमेंट बँक' म्हणतात.

एक डॉलर आणि पस्तीस डॉलर

प्रथम थोडे मागे जाऊ. १९२१-२२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात इन्सुलिनचा शोध लागला. मधुमेहाने हमखास दगावणारी मुले या औषधाने जगू लागली. बँटिंग, बेस्ट आणि कोलिप या तिघांनी आपले पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. प्राण वाचवणाऱ्या वस्तूवर आपण पैसा करावा हे त्यांना रुचले नाही. पुढे साठ वर्षे हे इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात असे.

१९७३ मध्ये हर्बर्ट बॉयर आणि स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञांनी एका जिवाची जनुके दुसऱ्या जिवात बसवण्याची रीत दाखवली. बॉयर कॅलिफोर्नियात प्राध्यापक होते. १९७६ साली रॉबर्ट स्वान्सन नावाचा, तिशीही न गाठलेला एक तरुण त्यांच्याकडे गेला. नव्या धंद्यांना भांडवल पुरवणाऱ्या मंडळींत त्याची उठबस होती. दोघांनी आरंभाला प्रत्येकी पाचशे डॉलर घालून 'जेनेन्टेक' नावाची कंपनी काढली. कल्पना अशी की, मानवी इन्सुलिनचे जनुक साध्या जिवाणूत बसवायचे आणि त्या जिवाणूकडूनच इन्सुलिन तयार करून घ्यायचे. १९७८ मध्ये ते प्रयोगशाळेत जमले. परंतु प्रयोगशाळेतले चार थेंब आणि लाखो रोग्यांना पुरेल इतके औषध यांच्यामध्ये वर्षांचे आणि कोट्यवधी डॉलरांचे अंतर असते. हा पैसा द्यायचा कोणी?

साधी बँक तो देत नाही. कर्ज देताना बँक दोन गोष्टी पाहते: तारण काय आणि हप्ता कोठून येणार. जेनेन्टेककडे तारण म्हणून होते ते जिवाणू, आणि हप्ता फेडायला बाजारात विकण्याजोगे एकही औषध नव्हते. तेव्हा एकच मार्ग उरला. कर्ज न काढता कंपनीची मालकीच तुकड्यातुकड्यांनी लोकांना विकायची. १४ ऑक्टोबर १९८० रोजी हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट आणि ब्लिथ ईस्टमन पेन वेबर या दोन पेढ्यांच्या पुढाकाराने जेनेन्टेकचे दहा लाख शेअर प्रत्येकी ३५ डॉलरला विक्रीस निघाले. तासाभरात भाव ८८ डॉलरवर गेला आणि दिवस संपताना तो ७१ डॉलरच्या वर होता. कंपनीच्या पदरात सुमारे साडेतीन कोटी डॉलर पडले. ते मानवी इन्सुलिन अमेरिकेत मान्य झाले ते त्यानंतर दोन वर्षांनी, १९८२ साली, आणि विकले ते इलाय लिली या जुन्या कंपनीने.

टोरांटोच्या एका डॉलरपासून या पस्तीस डॉलरांपर्यंतचा प्रवास म्हणजेच औषधधंद्याच्या नव्या युगाचा आरंभ होय. त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. जून १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंदमोहन चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या खटल्यात, माणसाने बदल घडवलेल्या जिवाणूवर पेटंट घेता येते, असा निर्णय दिला. डिसेंबरमध्ये, सरकारी पैशाने केलेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येईल असा कायदा झाला. शोध आता मालमत्ता झाला. आणि जेथे मालमत्ता आली तेथे तिची खरेदीविक्री करून देणारा मध्यस्थ यावयाचाच.

अडत्याचे काम

इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आपल्या मार्केट यार्डाचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. शेतकरी माल आणतो. खरेदीदार पैसे घेऊन येतो. मध्ये अडत्या असतो. तो शेती करीत नाही आणि माल खातही नाही. माल पाहतो, बोली लावून घेतो, भाव ठरवतो आणि आपली अडत कापून घेतो. इन्व्हेस्टमेंट बँकेचे काम याच जातीचे आहे. तिच्याकडे तुमचे-आमचे बचत खाते नसते. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि शेअर-रोखे विकून देणाऱ्या बँका वेगळ्याच केल्या होत्या. ही भिंत १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्याकडे या व्यवसायाला 'मर्चंट बँकिंग' म्हणत, आणि १९६७ साली ग्रिंडलेज बँकेने त्याचा विभाग येथे प्रथम उघडला.

या अडत्याची मुख्य कामे दोन. पहिले, कंपनीचे शेअर प्रथमच लोकांना विकणे. त्यासाठी बँकेची माणसे कंपनीची कागदपत्रे तपासतात आणि धोके नमूद करणारे माहितीपत्रक तयार करतात. मग मोठमोठ्या गुंतवणूकदारांकडे जाऊन कोण कोणत्या भावाला किती घेईल याची चाचपणी करतात आणि अखेर भाव ठरवतात. पुष्कळदा सारे शेअर स्वतः उचलून पुढे विकण्याची हमीही बँक घेते. अमेरिकेत मध्यम आकाराच्या बहुतेक विक्रींत ही अडत शेकडा सातच्या घरात असते.

येथे जेनेन्टेकच्या उदाहरणातली एक खोच लक्षात घेण्यासारखी आहे. भाव ७१ वर गेला तरी कंपनीला ३५ च्याच हिशेबाने पैसे मिळाले. वरची रक्कम मिळाली ती ३५ च्या भावाने आधी शेअर पदरात पडलेल्यांना. आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवणारी बँकच. मालाचा भाव कमी लागला की शेतकरी हळहळतो आणि खरेदीदार खूष होतो, तसेच हे.

दुसरे काम म्हणजे एक कंपनी दुसरीला विकून देणे. विकणाऱ्याची बँक वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. भाव योग्य आहे असे लेखी मतही बँकच देते, आणि सौदा पार पडला की तिच्या मेहनतान्याचा मोठा भाग तिला मिळतो. सौदा फिसकटला तर तो बुडतो. सौदा व्हावा असे तिला का वाटते, हे निराळे सांगावयास नको.

नसलेल्या औषधाची किंमत

परंतु जे औषध अजून झालेलेच नाही, त्याची किंमत काढायची कशी? मला सर्वांत कुतूहल वाटले ते याच गोष्टीचे. हे गणित वाटते तितके अवघड नाही.

समजा, एका औषधापासून दहा वर्षांनी शंभर कोटी रुपये मिळतील अशी अपेक्षा आहे. दहा वर्षांनंतरचे शंभर कोटी म्हणजे आजचे शंभर कोटी नव्हेत. शेकडा दहा दराने हिशेब केला तर त्यांची आजची किंमत साडेअडतीस कोटी होते. आता दुसरी गोष्ट. माणसांवरील चाचण्यांत उतरणाऱ्या दहा औषधांपैकी ढोबळमानाने एकच शेवटी बाजारात येते. बाकीची गुण न आल्यामुळे किंवा अपाय दिसल्यामुळे गळतात. म्हणून साडेअडतीसचा दहावा हिस्सा घ्यायचा. उरले पावणेचार कोटींच्या आसपास. ही त्या नसलेल्या औषधाची आजची किंमत.

काही वर्षांनी औषध मधल्या चाचण्यांतून पार पडले. आता दोनच वर्षे उरली आणि यशाची शक्यता दहात सहा झाली, असे धरू. त्याच शंभर कोटींची किंमत आता सुमारे पन्नास कोटी होते. एकाही रोग्याने दुकानातून गोळी विकत घेतलेली नाही, तरी किंमत तेरापट झाली. कंपनी विकायची तर याच सुमारास, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

या गणितात एक आकडा दिसायला लहान, पण फार बलवान आहे. तो म्हणजे व्याजाचा दर. शेकडा तीनने हिशेब केला तर दहा वर्षांनंतरचे शंभर कोटी आज चौऱ्याहत्तर कोटींना पडतात, दहाने केला तर साडेअडतीसला. म्हणून व्याज स्वस्त असले की नव्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांचा सुकाळ होतो, आणि ते वाढले की दुष्काळ. अमेरिकेतील लहान जैवतंत्र कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक फेब्रुवारी २०२१ ते मे २०२२ या काळात निम्म्याहूनही खाली आला. यामागे साथीच्या काळातील उत्साह ओसरणे होते, तसेच व्याजदर चढू लागणे हेही होते. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे काही बिनसले नव्हते. परंतु व्याजाचा आकडा हलला आणि कित्येक संशोधने थांबली. कोणत्या रोगावर काम चालू राहावे हे अशा रीतीने मध्यवर्ती बँकेच्या दालनातही ठरत असते.

विकत घेतलेले संशोधन

मोठ्या औषध कंपन्यांची अडचण याच्या उलट असते. त्यांच्याकडे पैसा असतो, पण त्याला मुदत असते. कारण पेटंट संपले की दुसरे कारखानदार तेच औषध स्वस्तात करू लागतात. फायझर कंपनीने २००० साली वॉर्नर-लॅम्बर्ट ही कंपनी सुमारे ९० अब्ज डॉलरांना घेतली, ती मुख्यतः 'लिपिटर' या कोलेस्टेरॉलवरील गोळीसाठी. ही गोळी एके काळी वर्षाला बारा अब्ज डॉलरांहून अधिक मिळवून देत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत तिची मक्तेदारी सरली आणि पहिल्याच दिवसांत आपल्याकडच्या रॅनबॅक्सीने तिची प्रतिकृती तेथे उतरवली. अशी एक गोळी गेली की मोठ्या कंपनीला दुसरी शोधावी लागते. पण शोधायला दहा वर्षे, आणि भागधारक तर दर तीन महिन्यांनी हिशेब मागणार. तेव्हा शोधण्यापेक्षा शोधलेली विकत घेणे बरे वाटू लागते.

यातून एक साखळीच तयार झाली आहे. सरकारी अनुदानावर विद्यापीठात मूळ शोध लागतो. प्राध्यापक लहान कंपनी काढतात, तिला साहसी भांडवलदार पैसा देतात, मग इन्व्हेस्टमेंट बँक तिचे शेअर बाजारात विकते. औषध अंतिम चाचण्यांच्या उंबरठ्याशी आले की मोठी कंपनी सगळेच विकत घेते. जेनेन्टेकचेही असेच झाले. स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने १९९० मध्ये तिचा शेकडा साठ हिस्सा २.१ अब्ज डॉलरांना घेतला आणि २००९ मध्ये उरलेला हिस्सा ४६.८ अब्ज डॉलरांना. पाचशे अधिक पाचशे डॉलरांचे रोप असे वाढले.

आता मामांच्या गोळीकडे येऊ. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ साली 'फार्मासेट' नावाची लहान कंपनी काढली. तेथील रसायनतज्ज्ञ मायकेल सोफिया यांच्या हातून हे औषध घडले. 'सोफोसबुविर' या नावात त्यांचेच नाव आहे. कंपनीत शंभर माणसेही नव्हती आणि बाजारात तिचे एकही औषध नव्हते. नोव्हेंबर २०११ मध्ये गिलियड या कंपनीने ती ११ अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केले. आदल्या दिवशी बाजारात शेअरचा जो भाव होता, त्याहून शेकडा ८९ अधिक देऊन! दोन वर्षांनी औषध मान्य झाले आणि गोळीची किंमत हजार डॉलर ठरली. २०१४ या एका वर्षात गिलियडने हेपटायटिस सी वरील औषधांची १२ अब्ज डॉलरांहून अधिक विक्री केली. दिलेली किंमत पाहता पाहता वसूल झाली.

अमेरिकेच्या सिनेटमधील अर्थसमितीच्या वतीने वायडन आणि ग्रासली या दोन सिनेटरांनी, म्हणजे प्रत्येक पक्षाच्या एकाने, या किमतीची दीड वर्ष चौकशी केली. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचा अहवाल आला. फार्मासेटने स्वतः हिशेब मांडताना उपचाराची किंमत सुमारे ३६,००० डॉलर धरली होती, असे त्यात आहे. गरिबांसाठी असलेल्या 'मेडिकेड' या सरकारी योजनेने २०१४ मध्ये या औषधावर शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला, आणि तरीही योजनेतील हेपटायटिस सी झालेल्यांपैकी शेकडा अडीचहूनही कमी जणांना ते मिळाले. राज्याराज्यांनी नियम केले की यकृत बरेचसे बिघडल्याशिवाय गोळी द्यायची नाही. औषध कपाटात आहे, रोगी दारात आहे, आणि मध्ये हिशेबनीस उभा आहे, असे ते दृश्य! गिलियडचे म्हणणे असे की, हे औषध रोग समूळ घालवते आणि यकृतरोपणाचा खर्च वाचवते. तेव्हा या लाभाच्या मानाने किंमत रास्तच आहे. पुढे स्पर्धक औषधे आल्यावर मात्र किमती उतरल्या, आणि २०१९ मध्ये गिलियडने स्वतःच आपल्या नव्या संयुक्त गोळ्यांची आवृत्ती २४,००० डॉलरला आणली.

खंड आणि धान्य

'कंपनीला ११ अब्ज डॉलर मोजावे लागले म्हणून गोळी महाग झाली', असे पुष्कळदा म्हटले जाते. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु द्वितीय वर्षाला आपण रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकतो तो येथे उपयोगी पडतो. जमिनीचा खंड वाढल्यामुळे धान्य महागत नाही. धान्याला चढा भाव येतो म्हणूनच जमिनीला जास्त खंड मिळतो, असे त्याने दाखवले. येथेही तसेच आहे. गोळी हजार डॉलरला विकता येईल अशी खात्री होती, म्हणूनच कोणी ११ अब्ज मोजायला तयार झाला. आणि ती खात्री कशातून आली? तर पेटंटच्या मक्तेदारीतून, आणि सरकार व विमा कंपन्या शेवटी पैसे देतीलच या विश्वासातून. बँकेने किंमत निर्माण केली नाही. समाजाने जी किंमत घेऊ दिली असती तिचा तिने आधीच अंदाज बांधला आणि ती आगाऊ वाटून दिली.

पण रिकार्डोच्या पुढे एक पाऊल टाकावे लागते. एकदा ११ अब्ज मोजले की घेणाऱ्याचे हात बांधले जातात. मग कोणी संचालक सदय मनाचा निघाला तरी किंमत निम्मी करणे त्याला शक्य होत नाही; कारण आशेचे पैसे आधीच वाटले गेलेले असतात. टोरांटोच्या त्या तिघांना जो निर्णय घेता आला, तो या व्यवस्थेत घेणारा माणूसच उरत नाही. मला या सगळ्या प्रकरणातील खरी चिंतेची गोष्ट हीच वाटते. येथे कोणी दुष्ट असण्याची गरज नाही, हिशेब चोख असला म्हणजे पुरे.

भारतात गोळी सातशे रुपयांना मिळाली, कारण येथे तो हिशेब निराळ्या कायद्यावर बेतलेला होता. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवर पेटंट नाकारले. ते फक्त तयार करण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे पुढल्या तीन दशकांत येथे स्वस्त औषधे करणारा मोठा उद्योग उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे वस्तूवरचे पेटंट परत आले. पण कारखाने, माणसे आणि हरकत घेण्याची सोय राहिली. सोफोसबुविरच्या पेटंटला येथे हरकती घेतल्या गेल्या. जानेवारी २०१५ मध्ये ते नाकारले गेले आणि मे २०१६ मध्ये मंजूर झाले. हा वाद चालू असतानाच, सप्टेंबर २०१४ मध्ये, गिलियडने सात भारतीय उत्पादकांना शेकडा सात स्वामित्वधन घेऊन ९१ देशांसाठी गोळी बनवण्याची परवानगी दिली. ते औदार्य होते की धोरण, हे ज्याचे त्याने ठरवावे. मामांना गोळी मिळाली ती मात्र अशी.

गणितात न बसणारे

येथवर वाचून, मी इन्व्हेस्टमेंट बँकांच्या विरुद्ध लिहिते आहे असा ग्रह होण्याचा संभव आहे. तसे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मॉडर्ना नावाच्या कंपनीने शेअर विकून सुमारे साठ कोटी डॉलर उभे केले, तेव्हा तिच्याजवळ मान्यता मिळालेले एकही औषध नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीच्या बायोएनटेकने पंधरा कोटी उभे केले. शहाण्या माणसांनी तेव्हा नाक मुरडले असेल. परंतु २०२० साल संपण्यापूर्वी करोनावरील लशी ज्यांनी दिल्या त्यांत या दोन कंपन्या होत्या. ज्याला साधी बँक कर्ज देणार नाही अशा कल्पनेला पैसा मिळवून देणे, हे लहानसहान काम नव्हे.

मात्र धोका पत्करण्याची ही एकच रीत नाही, हेही त्याच काळात दिसले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून एका कुटुंबाच्या मालकीची असून शेअरबाजारात तिची नोंद नाही. २०२० मध्ये गेट्स फाउंडेशनकडून 'गावी' या संस्थेमार्फत तिला तीस कोटी डॉलरांचे पाठबळ मिळाले. त्या बदल्यात गरीब देशांसाठी लशीचा भाव मात्रेला जास्तीत जास्त तीन डॉलर असा बांधून घेण्यात आला. म्हणजे पैसा आधी, भाव ठरलेला आणि धोका वाटून घेतलेला. गणित येथेही होते; पण ते मांडताना कोणीतरी शेवटच्या रोग्याचा भाव प्रथम लिहिला होता.

आणि काही रोग असे आहेत की ते शेअरबाजाराच्या गणितात बसतच नाहीत. क्षयाचे उदाहरण घ्या. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. तरीही सर्वस्वी नव्या रीतीने काम करणारे क्षयावरील औषध, बेडाक्विलिन, मान्य व्हायला डिसेंबर २०१२ उजाडावा लागला. त्याआधी चाळीस वर्षांत असे एकही आले नव्हते. रोगी कोट्यवधी आहेत, पण त्यांच्या खिशाची बेरीज केली तर 'दहा वर्षांनंतरचे शंभर कोटी' तिच्यातून निघत नाहीत. त्या औषधाची मक्तेदारी लांबवण्याचा अर्ज आपल्या पेटंट कचेरीने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची नंदिता व्यंकटेशन होती. क्षयावरील जुन्या औषधांनी तिची श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. तिला गणिताची दुसरी बाजू कोणी समजावून द्यावी लागली नसेल.

आपण कला शाखेचे विद्यार्थी पुष्कळदा असे समजतो की, औषध हा शास्त्र शाखेचा विषय आणि शेअर हा वाणिज्य शाखेचा. मग आपल्याकडे उरते काय? मला वाटते, या दोघांच्या मधला प्रश्न उरतो. कोणाच्या आजाराला किती किंमत द्यायची, ती कोणी ठरवायची आणि कोणत्या कायद्याने, हे शेवटी ना रसायनशास्त्र सांगते ना जमाखर्चाची वही. तो नागरिकांनी बोलण्याचा विषय आहे. आणि बोलायचे तर आधी ते गणित वाचता आले पाहिजे. या लेखाने त्यातली एखादी पायरी जरी उलगडली असेल तरी माझे काम झाले.

मागच्या दिवाळीत हे सारे मी मामांना सांगितले. अकरा अब्ज, शेकडा एकोणनव्वद, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी तिकडे असतो तर?" मला उत्तर देता आले नाही. मामीने फळीवरची ती बाटली काढली आणि चहात घालायला दोन वेलदोडे घेतले.